शांतताप्रिय कुटुंब

दोन्ही हातांत पिशव्या आणि दातांत घराची किल्ली अशा अवस्थेत नानू जिना चढत होता, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या पियानोवाल्या आजींनी त्याला गाठले. परक्या देशात बिऱ्हाड हलवल्याला जेमतेम महिना होत आला होता, आणि शेजाऱ्यांपैकी कुणी आपण होऊन त्याच्याशी बोलण्याची ही पहिलीच वेळ. नानूने घाईघाईने किल्ली तोंडातून काढून काखेत धरली आणि चेहऱ्यावर हसू आणले.

आजी बराच वेळ बोलल्या. बोलताना त्यांनी एकदा स्वतःच्या दाराकडे बोट केले, एकदा हवेत बोटे नाचवली आणि शेवटी मान तिरकी करून उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या. नानूला त्यातले 'पियानो', 'तुम्हाला' आणि 'बायको' एवढे शब्द कळले. एवढ्यावरून उरलेले वाक्य कुणीही जुळवले असते. माझा पियानो तुम्हाला आवडतो का, बायकोला आवडतो का, असे बिचाऱ्या विचारत होत्या.

"हो, हो!" नानू म्हणाला. "खूप! रोज! बायकोला खूप, मुलीला खूप. संध्याकाळी जास्त!"

आजींचा चेहरा जरा उतरला. नानूला मात्र त्या भारावल्यासारख्या वाटल्या. कौतुकाची सवय नसली की माणसाचे असे होते. म्हणून त्याने भाषेच्या वर्गात परवाच शिकलेला एक शब्द, छातीवर हात ठेवून, वरून बहाल केला.

"मनापासून!"

घरी आल्यावर त्याने ही हकिगत बायकोला रंगवून सांगितली. नानू लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. कंपनीने त्याला इथल्या भाषेच्या वर्गाला घातले होते, त्यामुळे घरातला अधिकृत दुभाषी तोच. बायको दातांची डॉक्टर. तिकडे तिचा स्वतःचा दवाखाना होता आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक तिच्यापुढे तोंड उघडून बसत. इथे भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय तिला कुणाच्या दाताला हात लावता येणार नव्हता, आणि तोपर्यंत तिच्यापुढे तोंड उघडणारे कुणी नव्हते. ती दिवसभर एक जाडजूड पुस्तक घेऊन बसे आणि पेशंटला विचारायचे प्रश्न घोकत राही : कुठे दुखतं, थंड पाणी लागतं का, चावताना त्रास होतो का.

"तुला सगळं कळलं त्यांचं?" तिने विचारले.

"सगळं कशाला कळायला हवं? मुद्दा कळला," नानू म्हणाला. "आता या माणसांच्यात मिसळायला सुरुवात केली पाहिजे, डॉक्टर. त्यांच्या रीतीभाती उचलल्या पाहिजेत. उगाच आपलं घोडं पुढे दामटून चालायचं नाही."

तो बायकोला प्रेम आले की डॉक्टर म्हणे, आणि उपदेश करायचा असला तरी डॉक्टरच म्हणे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पियानो वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चार वर्षांची ठकू रोज त्या सुरांवर सोफ्यावरून जमिनीवर आणि जमिनीवरून सोफ्यावर उड्या मारायची. ती जमिनीला कान लावून पालथी पडली आणि म्हणाली, "आजीचं टिंगटिंग बिघडलं."

"गावाला गेल्या असतील," नानू म्हणाला.

आजी गावाला गेल्या नव्हत्या. त्या त्याला जिन्यातच भेटल्या. पायांत जाड लोकरी सपाता होत्या. नानूने मोठ्याने नमस्कार घातला, तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवले, सपातांकडे बोट दाखवले, केविलवाणे हसल्या आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेल्या. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचा सुतारही भेटला. हा माणूस कपाटाएवढा. एरवी संध्याकाळी घरी रंधा आणि ड्रिल चालवायचा आणि वर मोठ्याने गाणी म्हणायचा. तो बूट हातात घेऊन, मोज्यांवर, चोरासारखा जिना चढत होता. नानूला पाहून तो इतका ओशाळला की एक बूट त्याच्या हातून सुटला. त्याने तो जमिनीवर आदळण्यापूर्वी वरच्यावर झेलला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

नानूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"पाहिलंस?" तो घरी येऊन म्हणाला. "दिवसभर घाम गाळून आलेला माणूस बूट हातात घेऊन जिना चढतो. का? तर दुसऱ्याला त्रास नको. ही इथली पद्धत आहे. आणि आपण?"

"आपण काय?" बायको म्हणाली.

नेमकी तेव्हाच कुकरने शिट्टी दिली. नानू आग लागल्यासारखा स्वयंपाकघरात धावला आणि त्याने शेगडी बंद केली. त्या रात्री तिघांनी अर्धकच्चा भात खाल्ला. ठकूला तो चावेना, त्यामुळे तिने तो थाळीतच ठेवला.

ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना त्याने खात्री करून घेण्यासाठी विचारलेसुद्धा. ते इंग्रजीत म्हणाले, "आमच्याकडे शेजाऱ्याला त्रास झालेला कुणाला खपत नाही." यापेक्षा स्पष्ट काय हवे?

मग नानूच्या घरात शांततेचे राज्य सुरू झाले. कुकर माळ्यावर गेला. मिक्सर गोधडीत गुंडाळून बाथरूममध्ये, दार लावून चालवायचा, आणि तोही एका दमात, असे ठरले. ठकूचे लहान झालेले लोकरी मोजे खुर्च्यांच्या पायांत चढवले. रंगीबेरंगी मोजे घातलेल्या खुर्च्या टेबलाभोवती शाळेत निघाल्यासारख्या दिसू लागल्या. नानूची शिंक घराण्यात प्रसिद्ध होती. तिच्या भीतीने लहानपणी मांजरे घर सोडून गेली होती. ती आली की तो कपाट उघडायचा, कोटांमध्ये तोंड खुपसायचा आणि आत शिंकून बाहेर यायचा.

प्रश्न होता आप्पांचा. आप्पा म्हणजे बायकोचे वडील. त्यांना ऐकू कमी येई, आणि फोनवर त्याहून कमी. रोज एकदा त्यांच्याशी बोलल्याशिवाय डॉक्टरला चैन पडत नसे, आणि त्यांच्याशी बोलणे म्हणजे ओरडणे. शेवटी ती कोट चढवून इमारतीमागच्या बागेत जाऊ लागली. उघड्या झाडांखाली, कडाक्याच्या थंडीत, नाकाचा शेंडा लाल होईपर्यंत ती एकटी उभी राहून ओरडायची.

"सांधे दुखतात का? सांधे! नाही हो आप्पा, कांदे नाही. सांधे! कांदे कसे दुखतील?"

बोलून झाले की ती बाकावर बसून डोळे पुसायची, मग वर यायची. तिला पाहणारी डोकी खिडक्याखिडक्यांत असत, हे तिच्या लक्षात आले नव्हते. पुढच्याच शनिवारी सुतार आणि इमारतीची देखभाल करणारा माणूस, दोघांनी मिळून सबंध जिन्यावर जाड गालिचा अंथरला. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातले. घंटा काढून टाकल्या. दोघे नानूच्या दारापाशी आले तेव्हा त्यांनी त्याच्याकडे क्षमा मागितल्यासारखे पाहिले.

"बघ!" नानू दार लावून म्हणाला. "एवढं शांत असूनसुद्धा त्यांना पुरत नाही. म्हणजे अजून कुठेतरी आपलाच आवाज जातोय."

"आपल्याकडे आवाज करण्यासारखं राहिलंय काय?" बायको म्हणाली.

दोघांनीही ठकूकडे पाहिले.

ठकूला ओरडून काही सांगणे आता शक्य नव्हते, म्हणून नानूने एक खेळ काढला. आपण सगळे उंदीर. उंदीर हळू बोलतात, हळू चालतात. जो मोठ्याने बोलेल त्याला मांजर धरणार. ठकूने हा खेळ मनावर घेतला. पहिल्या दिवशी ती हसत हसत कुजबुजली, आठवड्याभराने हसायची थांबली आणि नुसतीच कुजबुजू लागली. मोज्यांतल्या खुर्चीवर बसून ती बाहुलीच्या कानात काहीतरी सांगत राही. नानू तिला जवळ घेऊन म्हणे, "शहाणी गं माझी!" आणि ती त्याच्या तोंडावर हात ठेवून म्हणे, "श्श."

मग बालवाडीतून बोलावणे आले. ठकूच्या बाई ठेंगण्या खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांच्यासमोरच्या तसल्याच खुर्च्यांवर, गुडघे छातीला लावून, नानू आणि त्याची बायको बसली. बाई खालच्या आवाजात, फार काळजीने बोलत होत्या.

"काय म्हणतायत?" बायकोने विचारले.

"म्हणतायत, मुलगी फार शांत आहे," नानू म्हणाला. "कौतुक चाललंय."

"कौतुक नाही," बायको म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "घरी हिच्यावर कुणी ओरडतं का, असं विचारतायत त्या."

ते परत निघाले. ठकू दोघांच्या मधे, दोघांची बोटे धरून, चवड्यांवर चालत होती. रस्त्यावरसुद्धा. इमारत दिसू लागली तशी बायको थांबली.

"मला परत जायचंय," ती म्हणाली.

"अगं, जरा दम धर. नवीन जागा आहे..."

"तिकडे हिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा रे. लोक म्हणायचे, डॉक्टर, मुलीला आवरा. आणि इथे? मी दिवसातून एकदा मोठ्यानं बोलते. तेही बागेत. थंडीत. कांद्यांबद्दल."

नानूला हसू आले, पण ते लगेच विरले. आपण हिला तिच्या दवाखान्यातून, तिच्या माणसांतून उचलून इथे आणले आणि मोजे घातलेल्या खुर्चीवर बसवले, हे त्याला पहिल्यांदाच असे समोर दिसले.

"थंडी सरेपर्यंत बघू," तो म्हणाला. "नाहीच जमलं तर जाऊ. माझं वचन."

वर गेल्यावर तिने पुस्तक उघडले आणि बराच वेळ एकाच पानाकडे पाहत बसली.

त्या रविवारी सकाळी ठकू बाथरूममध्ये गेली आणि तिने आतून कडी लावली. कडी फिरवता येते हा शोध तिला नुकताच लागला होता. उलटी फिरवता येत नाही, हा शोध तिथल्या तिथे लागला. बराच वेळ झाला तरी मुलगी बाहेर येत नाही म्हणून बायकोने दाराला कान लावला.

"आई," आतून कुजबुज आली, "दार उघडत नाही."

"ठकू, घाबरू नकोस," बायको कुजबुजली. "कडी उजवीकडे फिरव."

"उजवीकडे म्हणजे कुठे?"

"जेवायच्या हाताकडे," नानू कुजबुजला.

"मी आत्ता जेवत नाहीये," ठकू कुजबुजली.

नानूने स्क्रू-ड्रायव्हर आणला. आवाज होऊ नये म्हणून तो टॉवेलमध्ये गुंडाळला. टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने स्क्रू दिसत नाही, म्हणून तो अंदाजाने फिरवू लागला, आणि काही वेळाने बाहेरची मूठ अलगद त्याच्या हातात आली. दार आता बाहेरूनही उघडण्यासारखे राहिले नाही. लिफ्टमध्ये अडकलेली माणसे बाहेर कशी काढावीत यावर नानूने कंपनीत दोनदा भाषण दिले होते. त्यातले काहीही त्याला या घटकेला आठवेना.

आतून नाक ओढल्याचा बारीक आवाज आला. मग पुन्हा. ठकू रडत होती, पण आवाज न करता.

"ठकू, रड ना गं," बायको दाराला टेकून म्हणाली. "मोठ्यानं रड. भोकाड पसर!"

"पण मी उंदीर आहे ना," आतून कुजबुज आली.

डॉक्टरचा बांध फुटला. तिने दोन्ही मुठींनी दार बडवले आणि इतके दिवस बागेपुरता राखून ठेवलेला आवाज पोटातून काढला. "अरे, कुणी आहे का? धावा! माझी पोर अडकलीय आत! कुणीतरी या हो!"

ती मराठीत ओरडली, पण अर्थ सांगावा लागला नाही. सगळी इमारत गेले कित्येक दिवस श्वास रोखून बसली होती. तिला टाचणी पडलेली ऐकू येत होती, मग हे का येणार नाही? सुतार हत्यारांची पेटी घेऊन गालिच्यावरून उतरत आला. खालून पियानोवाल्या आजी एका पायातल्या सपातेनिशी वर पोहोचल्या, दुसरी जिन्यातच राहिली. सुताराने दार पाहिले, नानूच्या हातातली मूठ पाहिली, ड्रिल काढले, त्याला लांबलचक पाते बसवले, आणि ऐन वेळी हात आखडता घेतला. नानूकडे वळून त्याने अगदी अदबीने काहीतरी विचारले.

नानूने मान डोलवायला सुरुवात केली. त्याच्या तोंडून काही निघण्याआधीच बायकोने त्याच्या तोंडावर हात दाबला.

"तू गप्प बस. मला कळलं," ती म्हणाली. "आवाजाचा त्रास होईल, तरी चालेल का, असं विचारतोय तो." 'त्रास' हा शब्द तिने दातांच्या पुस्तकात इतक्या वेळा घोकला होता की झोपेतही ओळखला असता. ती सुताराकडे वळली आणि त्या भाषेतले आपले पहिले वाक्य खणखणीत आवाजात बोलली. "त्रास नाही! अजिबात नाही! फोडा!"

ड्रिल गरजले. भिंती थरथरल्या, कपाटातल्या ताटल्या किणकिणल्या, बाथरूममधली बादली आपसूक वाजू लागली. कुलूप तुकड्यातुकड्यांनी खाली पडले, दार उघडले आणि समोर डोळे विस्फारलेली ठकू दिसली. तिने ड्रिलकडे पाहिले, सुताराकडे पाहिले आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली, "अजून एकदा!"

बायकोने तिला उचलले. पियानोवाल्या आजी दाराशी उभ्या राहून डोळे टिपत होत्या. त्यांनी हळूच काहीतरी विचारले, आणि त्यात 'पियानो' होते आणि पुन्हा तोच शब्द होता. बायकोने त्यांना ते सावकाश परत बोलायला लावले. मग ती नानूकडे वळली.

"मागे जिन्यात यांनी तुला काय विचारलं होतं?"

"पियानो आवडतो का."

"त्रास होतो का, असं विचारलं होतं. आणि तू काय सांगितलंस?"

नानूच्या कपाळावर घाम आला. "हो म्हणालो."

"आणि?"

"खूप. रोज. बायकोला खूप, मुलीला खूप. संध्याकाळी जास्त."

"एवढंच?"

"मनापासून," नानू म्हणाला, आणि हे मात्र त्याला खरोखरच कुजबुजावे लागले.

बायकोने आजींचा हात धरला, सुताराला खुणेने बोलावले आणि दोघांना घर दाखवायला नेले. मोजे घातलेल्या खुर्च्या दाखवल्या. गोधडीतला मिक्सर दाखवला. कपाट उघडून, कोटात तोंड घालून नवऱ्याची शिंक करून दाखवली. येतील ते शब्द वापरले, न येतील तिथे हात वापरले. बागेतल्या ओरडण्याचा खुलासा करायला तिने कानामागे हात धरून बहिऱ्या आप्पांची नक्कल केली. सुतार एका खुर्चीवर बसून हसला, इतका हसला की खुर्चीचे मोजे घसरले. आजी आधी रडल्या, मग हसल्या, मग काहीतरी आठवल्यासारख्या लगबगीने खाली गेल्या. पाठोपाठ जमिनीतून पियानो वर आला, इतक्या दिवसांचा साठलेला, दोन्ही हातांनी, पाय आपटत. ठकू सोफ्यावर चढली.

त्यानंतर परत जाण्याचा विषय कुणी मुद्दाम बंद केला नाही, तो निघायचाच राहून गेला. कुकर माळ्यावरून उतरला. डॉक्टर दुपारी आजींकडे जाऊन बसू लागली. आजींच्या दाढा दुखत, त्यामुळे दोघींना बोलायला विषयाची कधी वाण पडली नाही. थंडी सरता सरता ती पहिली परीक्षा पास झाली आणि दुसरीच्या तयारीला लागली. नानूचा भाषेचा वर्ग अजून चालूच होता. ठकू आजींकडे शिकायला जाई, आणि तिचा पियानो तर आजींच्यापेक्षा जास्त ऐकू येई. सुताराने तिच्यासाठी छोटा हातोडा केला होता. तोही ऐकू येई.

तळमजल्यावरची जागा बरेच दिवस रिकामी होती. तिथे नवे बिऱ्हाड आले. तरुण जोडपे, याच देशातले, याच भाषेतले, अंगावर इस्त्रीचे कपडे. आठवडा झाला नाही तोच एका संध्याकाळी त्यातला नवरा वर आला आणि नानूच्या दाराशी उभा राहून चिडक्या स्वरात बराच वेळ बोलला. नानूला 'आवाज' कळले, 'मुलगी' कळले आणि शेवटी 'इमारत' कळले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. काही न कळता हो म्हणायचे नाही, एवढे तो शिकला होता. बायको हात पुसत बाहेर आली. वरून सुतार उतरला, खालून आजी चढल्या, आणि नानूला बाजूला सारून तिघे त्या नव्या माणसाशी एकदमच बोलू लागले. अखेर सुताराने त्याच्या खांद्यावर भलामोठा पंजा ठेवला, बायकोकडे आणि आजींकडे वळून समजुतीने चार शब्द सांगितले आणि त्याला गालिच्यावरून हळूहळू खाली नेले.

"काय म्हणाला सुतार?" नानूने विचारले.

"म्हणाला, लोक नवीन आहेत, आपल्याकडच्या पद्धती त्यांना अजून ठाऊक नाहीत. जरा सांभाळून घ्यायला हवं."

नानूचे तोंड उतरले. "म्हणजे अजूनही आपल्याला नवीनच समजतात."

"आपल्याला नाही रे," बायको म्हणाली. "त्यांना."